क्रिप्टोने मेंबरशिप भरली, पैसे गेले, खाते बंदच: दर महिन्याच्या या कटकटीचा इलाज

“ताई, पैसे कटले, पण मेंबरशिप चालू झाली नाही. परत भरू का?”

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हा निरोप कुणाचा ना कुणाचा येतोच. आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींत व्हिडिओ एडिटर आहेत, भाषांतरे करणारे आहेत, विजयनगरच्या ऑफिसांत कोड लिहिणारी पोरे आहेत आणि निवृत्तीनंतर परदेशी साइट धुंडाळत बसणारे दोन-चार काकाही आहेत. साइट प्रत्येकाची वेगळी, कॉइन (बिटकॉइनसारखे क्रिप्टो चलन) वेगळे, रड मात्र एकच. दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाचे सगळे इथे लिहून ठेवते.

आधी उत्तर: परत भरू नका. पहिले पैसे कुठे आहेत हे कळेपर्यंत दुसरा रुपयाही पाठवायचा नाही. क्रिप्टोत चार्जबॅक (कार्डाने गेलेले पैसे बँकेमार्फत परत मागणे) नाही, बँकेत जाऊन तक्रारीचा फॉर्म भरायची सोय नाही. दोनदा गेलेले पैसे परत द्यायचे की नाही, ही सर्वस्वी समोरच्याची मर्जी.

आणि मुळात कार्ड चालत असेल तर या वाटेला जाऊच नका. हे माझे स्पष्ट मत आहे, कुणाला पटो न पटो. इथले बहुतेक लोक हौसेने क्रिप्टोकडे वळलेले नाहीत, कार्ड नाकारले गेले म्हणून वळलेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डवरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेसाठी आधी ई-मँडेटची (आपोआप कपातीला ग्राहकाने दिलेल्या परवानगीची) नोंदणी लागते, दर कपातीआधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते आणि ठराविक रकमेच्या वर दर वेळी ओटीपी लागतो. ही मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये १५,००० झाली. मोठ्या परदेशी कंपन्यांनी ही व्यवस्था करून घेतली. छोट्या साइटनी केली नाही. मग पहिल्या महिन्याला कार्ड चालते, दुसऱ्या महिन्याला “डिक्लाइन्ड” येते आणि माणूस खालच्या “पे विथ क्रिप्टो” या बटणाकडे वळतो.

पैसे नक्की कुठे अडकलेत?

तुमच्या एक्स्चेंजपासून (रुपये देऊन कॉइन घ्यायचे अॅप) साइटपर्यंत मध्ये दोन टप्पे असतात: आधी ब्लॉकचेन (कॉइनच्या व्यवहारांची सार्वजनिक वही), मग पेमेंट कंपनी. साइटवाले सहसा कॉइनला हातही लावत नाहीत. बिल बनवते, भाव ठरवते, पत्ता देते आणि घड्याळ लावते ती ही मधली कंपनी. लोक साइटला मेल करत बसतात आणि साइटवाल्यांना खरोखरच काही दिसत नसते.

म्हणून पहिले काम ट्रान्झॅक्शनचा हॅश, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, शोधणे. एक्स्चेंजच्या “विथड्रॉवल हिस्टरी”त किंवा वॉलेटमध्ये (कॉइन स्वतःच्या ताब्यात ठेवायचे अॅप) त्या व्यवहारावर टिचकी मारली की ६४ अक्षर-आकड्यांची एक लांबलचक ओळ मिळते. इथेरियमवर तिच्या आधी शून्य आणि एक्स असतात. ती ओळ त्या-त्या साखळीच्या (ब्लॉकचेनच्या) एक्सप्लोररमध्ये, म्हणजे व्यवहार शोधून दाखवणाऱ्या साइटवर, टाकायची: बिटकॉइनला मेमपूल स्पेस, इथेरियमला इथरस्कॅन, ट्रॉनला ट्रॉनस्कॅन. मला व्हॉट्सअॅपवर स्क्रीनशॉट पाठवतात तेव्हा हॅशचा मधला भाग तीन टिंबांत गडप झालेला असतो. त्याचा काही उपयोग नाही, ओळ कॉपी करूनच पाठवावी.

हॅशच मिळत नसेल तर पैसे एक्स्चेंजच्या बाहेर पडलेलेच नाहीत. तुमच्या शिलकीतून ते वजा दिसतात एवढेच. बऱ्याच एक्स्चेंजवर नवा पत्ता टाकला की चोवीस तासांचा थांबा असतो. काही ठिकाणी पैसे घेणाऱ्याचे नाव विचारतात, काही ठिकाणी रक्कम एखादा माणूस तपासून सोडतो. आणि आपल्याकडच्या काही अॅपवर कॉइन बाहेर पाठवायची सोयच नाही: घ्या, विका, रुपये काढा, बस्स. हे कॉइन घ्यायच्या आधी बघायचे असते. घेऊन बसल्यावर कळले तर विकताना १ टक्का टीडीएस कापून घ्यायचा आणि घरी बसायचे.

हॅश आहे, पण कन्फर्मेशन (व्यवहार ब्लॉकमध्ये, म्हणजे त्या वहीच्या पानावर, चढणे) शून्य, असे दिसले तर ते बहुधा बिटकॉइनच असते. बिटकॉइनचा ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो, पण सरासरी म्हणजे वेळापत्रक नव्हे. कधी दोन मिनिटांत येतो, कधी तासभर येत नाही. शिवाय ब्लॉकमध्ये जागा मर्यादित, त्यामुळे जास्त फी देणारा आधी जातो. फीचा हिशेब रकमेवर नसतो, व्यवहार किती बाइटचा आहे त्यावर असतो. साधा व्यवहार साधारण १४० व्हर्च्युअल बाइटचा. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात. सोयीसाठी बिटकॉइनचा भाव एक कोटी रुपये धरला तर एक सातोशी म्हणजे दहा पैसे. गर्दी नसताना बाइटला २ सातोशी दिले तर फी २८ रुपये. गर्दीत ५० द्यावे लागले तर तीच फी ७०० रुपये. चारशे रुपयांच्या मेंबरशिपला सातशे रुपये फी! एप्रिल २०२४ मध्ये हाविंग (नव्या ब्लॉकचे बक्षीस निम्मे होणे) झाले त्या दिवशी तर फी याहून कितीतरी वर गेली होती.

स्वतःच्या वॉलेटमधून पाठवले असेल तर फी वाढवून तोच व्यवहार पुन्हा रवाना करता येतो. बहुतेक वॉलेटमध्ये “बंप फी” किंवा “स्पीड अप” असे बटण असते. फी वाढवली की हॅश बदलतो, हे लक्षात ठेवा. सपोर्टला जुना हॅश देऊन “दिसत नाही” हे उत्तर घेणारे बरेच भेटलेत. एक्स्चेंजमधून पाठवले असेल तर यातले काहीच तुमच्या हातात नाही. वाट बघायची. अगदीच कमी फीचा व्यवहार नोड (नेटवर्क चालवणारे कॉम्प्युटर) आपल्या यादीतून साधारण चौदा दिवसांनी काढून टाकतात आणि पैसे जिथून निघाले तिथेच राहतात.

कन्फर्म झाले, तरी बिल म्हणते “एक्स्पायर्ड” (मुदत संपली) किंवा “अंडरपेड” (कमी भरले)

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही सगळ्यात जास्त, म्हणून इथे जरा थांबते.

साइटचा दर डॉलरमध्ये किंवा युरोत, भरायचे कॉइनमध्ये, आणि कॉइनचा भाव मिनिटाला हलतो. तेव्हा पेमेंट कंपनी ठराविक वेळेपुरता भाव गोठवते. बिटपे या पेमेंट कंपनीच्या बिलाला पंधरा मिनिटे मिळतात, बीटीसीपे सर्व्हर या बिलांच्या सॉफ्टवेअरवरही मुळात तेवढीच वेळ लावलेली असते. या वेळात कन्फर्मेशन व्हायलाच हवे असे नाही. व्यवहार नेटवर्कवर दिसायला लागला की पुरते. पण एक्स्चेंज बऱ्याचदा अनेकांचे विथड्रॉवल एकत्र गोळा करून मग सोडते. तुम्ही तिसऱ्या मिनिटाला बटण दाबले, ओटीपी टाकला, मेलवरच्या लिंकवर टिचकी मारली, आणि एक्स्चेंजने ते विसाव्या मिनिटाला बाहेर सोडले. बिल मेलेले.

“अंडरपेड”ची कथा आणखी गमतीची. समजा बिल ३० यूएसडीटीचे (डॉलरच्या भावाला बांधलेले कॉइन) आहे. तुम्ही एक्स्चेंजवर ३० लिहिले. एक्स्चेंजने स्वतःची १ यूएसडीटी फी त्यातूनच कापली, पोचले २९. मशीनला “एवढ्याशासाठी काय अडवता” हे समजत नाही, ते बिल अडवून ठेवते. म्हणून विथड्रॉवलच्या पानावर वरच्या रकमेकडे बघायचेच नाही. खाली बारीक अक्षरात “यू विल रिसीव्ह” असते, तो आकडा बिलाएवढा हवा. दशांशाचेही तसेच: बिल ३०.२१७३६४ चे आणि एक्स्चेंज दोनच दशांश घेते, तर ३०.२२ भरा, ३०.२१ नाही. पैसाभर जास्त गेले तर कुणी विचारत नाही, पैसाभर कमी गेले तर खाते उघडत नाही.

आणि हे फक्त आपल्यासारख्या अडाण्यांचे होते असे नाही. गेम विकणाऱ्या स्टीमने एप्रिल २०१६ मध्ये बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली आणि डिसेंबर २०१७ मध्ये बंद केली. कारण त्यांनीच जाहीर सांगितले होते: सुरुवातीला व्यवहाराची फी वीस सेंटच्या आसपास होती, ती वीस डॉलरच्या आसपास गेली. वर भाव इतका उड्या मारायचा की वेळेत पैसे न पोचल्यास बिल कमी भरलेले ठरायचे. मग उरलेली रक्कम मागवा किंवा आलेली परत करा, दोन्हीकडे पुन्हा तीच फी. एवढ्या मोठ्या दुकानाला ते निस्तरता आले नाही.

अशा वेळी करायचे काय? पैसे हरवलेले नसतात, पेमेंट कंपनीकडेच पडून असतात, फक्त कुठल्याच बिलाला लागलेले नसतात. कमी पडले असतील आणि बिलाची मुदत शिल्लक असेल तर बिलाच्या पानावर उरलेली रक्कम दाखवतात, ती त्याच पत्त्यावर भरा. मुदत संपली असेल तर काहीही न पाठवता सपोर्टला लिहा. कसे लिहायचे ते खाली आहे.

नेटवर्क चुकले तर

सुदामानगरचा आमचा एक एडिटर. लग्नाच्या फिल्मा करतो, त्यासाठी एका परदेशी साइटवरून संगीताचे तुकडे घेतो. बिल यूएसडीटीचे, नेटवर्क इथेरियम. याच्या एक्स्चेंजवर नेटवर्कची यादी आली. इथेरियमच्या ईआरसी-२० ची फी भरमसाट, बीईपी-२० ची (म्हणजे बीएनबी चेन या दुसऱ्या नेटवर्कची) नगण्य. त्याने स्वस्त ते निवडले. अॅपने तक्रार केली नाही, हिरवी खूण आली. इथरस्कॅनवर त्या पत्त्यावर काहीच दिसेना म्हणून घाबरून फोन.

“अरे, तू बीईपी-२० ने पाठवलेस, ते इथरस्कॅनवर कसे दिसेल?”

“पण ताई, पत्ता तर बरोबर होता ना. एकेक अक्षर जुळवलं मी.”

पत्ता बरोबरच होता, आणि खरी मेख तिथेच आहे. इथेरियम, बीएनबी चेन, पॉलिगॉन या तिन्हींवर पत्ता शून्य-एक्सने सुरू होतो आणि दिसायला एकसारखाच असतो. घर क्रमांक १२, एम. जी. रोड, हा पत्ता इंदूरातही आहे आणि पुण्यातही, गावाचे नाव न बघता पाकीट टाकले तर पोस्टमन ते कुठल्यातरी १२ नंबरात नेऊन टाकणारच. त्याचे यूएसडीटी बीएनबी चेनवर त्याच पत्त्यावर पोचले होते. त्या पत्त्याची किल्ली (तिथले पैसे हलवायचा गुप्त कोड) पेमेंट कंपनीकडे, म्हणजे काढायचे ठरवले तर त्यांना काढता येतात. पण त्यासाठी त्यांनी जी फी सांगितली ती जवळजवळ मेंबरशिपइतकीच होती. त्याने नाद सोडला.

ट्रॉनवर ही चूक होत नाही, कारण तिथला पत्ता “टी” अक्षराने सुरू होतो आणि ३४ अक्षरांचा असतो. तो शून्य-एक्सच्या खिडकीत टाकला तर अॅपच नाकारते. पण ट्रॉनचा छळ निराळा. यूएसडीटी पाठवायला फी यूएसडीटीत लागत नाही, टीआरएक्स या त्यांच्या स्वतःच्या कॉइनमध्ये लागते. वॉलेटमध्ये पन्नास यूएसडीटी आणि शून्य टीआरएक्स असतील तर तुम्ही फक्त बघत बसायचे. त्यातही एक खाच आहे: ज्या पत्त्यावर आधी कधी यूएसडीटी आलेलेच नाहीत तिथे पाठवायला साधारण दुप्पट एनर्जी (ट्रॉनवरचे व्यवहाराचे इंधन, ते टीआरएक्स जाळून मिळते) जळते. पेमेंट कंपनी बहुधा प्रत्येक बिलाला कोरा पत्ता देते, म्हणजे तुम्ही दर वेळी दुप्पटवालेच. मित्राला पाठवताना लागले तेवढेच टीआरएक्स ठेवले तर बिलाच्या वेळी “आउट ऑफ एनर्जी” येते, व्यवहार फसतो आणि जळलेले टीआरएक्स परत मिळत नाहीत.

काही कॉइनना पत्त्याबरोबर आणखी एक आकडा लागतो. एक्सआरपीला डेस्टिनेशन टॅग, स्टेलरला मेमो. बिलावर तो दिला असेल आणि तुम्ही गाळला असेल, तर पैसे कंपनीच्या मोठ्या डबक्यात पडले आणि कुणाचे ते तिला माहीत नाही. हॅश देऊन सांगितले की बहुधा सुटते.

कधी कधी पेमेंट कंपनी “पेड” म्हणते आणि साइट तरीही “पेंडिंग”. तिथे दोघांमधला निरोप पोचलेला नसतो. लॉगआउट-लॉगिन करून बघा, बिल आपल्याच खात्यातून काढले होते ना ते बघा (एका कॉम्प्युटरवर तिघे जण काम करत असतील तर ही शंका आधी घ्यावी), आणि मग साइटला बिलाचा क्रमांक पाठवा. त्यांना एक बटण दाबायचे असते.

दर महिन्याला तेच का होते?

कार्डावर साइट तुमच्याकडून पैसे ओढते. क्रिप्टोत तिला ओढता येत नाही, दर वेळी तुम्हालाच ढकलावे लागते. आणि दर वेळी बिल नवे, पत्ता नवा, भाव नवा. लोकांना वाटते एकदा जमले की पुढच्या वेळी तसेच करायचे. नेमके तिथेच फसतात.

लोकमान्यनगरचे आमचे एक काका जुन्या नकाशांच्या एका साइटचे सभासद आहेत. पहिल्या वेळी त्यांनी एक्स्चेंजमध्ये बिलाचा पत्ता टाकला, नव्या पत्त्याला चोवीस तासांचा थांबा लागला, तोवर बिल मेले, दुसऱ्या दिवशी पैसे गेले, आणि सपोर्टवाल्याने हाताने खाते चालू करून दिले. काकांनी यातून दोन निष्कर्ष काढले: घड्याळाला काही अर्थ नाही, आणि हा पत्ता आता मंजूर झालाय तर तो “नकाशे” नावाने साठवून ठेवावा. पुढच्या वेळी त्यांनी नवे बिल काढलेच नाही. थेट “नकाशे”वर पैसे पाठवून दिले.

“अगं, पत्ता तोच, रक्कम तीच. मग साइटला काय अडलंय?”

“काका, तो पत्ता साइटचा नव्हताच. त्या एका बिलाचा होता. बिल संपलं, पत्त्याचं कामही संपलं. तुमचे पैसे तिथे पोचलेत, पण कुणी बघत नाहीये.”

“मग दर वेळी नवा पत्ता म्हणजे दर वेळी चोवीस तास थांबायचं? आणि बिल तर पंधरा मिनिटांचं!”

काकांनी नेमके दुखणे पकडले. एक्स्चेंज म्हणते नव्या पत्त्याला एक दिवस थांबा, बिल म्हणते पंधरा मिनिटांत भरा. या दोन नियमांची पत्रिका कधी जुळायचीच नाही. जिथे असा थांबा आहे तिथून बिल थेट भरण्याचा प्रयत्नच करू नये.

इलाज एकच, मध्ये स्वतःचे वॉलेट ठेवायचे. बिटकॉइनसाठी इलेक्ट्रम, इथेरियम आणि त्याच्या भावंडांसाठी मेटामास्क, ट्रॉनसाठी ट्रॉनलिंक, ही चालणारी आणि जुनी नावे. अॅप त्यांच्या मूळ साइटवरूनच घ्या, शोधल्यावर वर येणाऱ्या जाहिरातीवरून नाही. त्या वॉलेटचा पत्ता एक्स्चेंजमध्ये एकदाच मंजूर करून घ्यायचा, थांबा लागला तर लागू दे. मेंबरशिप संपायच्या आठवडाभर आधी कॉइन तिथे आणून ठेवायचे आणि सोबत फीपुरते टीआरएक्स किंवा इथरही. मग साइटवर बिल काढायचे आणि वॉलेटमधून दोन मिनिटांत भरून मोकळे व्हायचे. इथे एक्स्चेंजची फी रकमेतून कापली जायची भीती नाही, दशांश पूर्ण लिहिता येतात, बिटकॉइन असेल तर फी वाढवायचे बटण हाताशी असते. आणि एक्स्चेंजमधून वॉलेटमध्ये आणताना शून्य-एक्सवाल्यांत नेटवर्क चुकलेच तर किल्ली तुमच्याचकडे आहे: वॉलेटमध्ये ते नेटवर्क जोडले की पैसे दिसतात. सुदामानगरच्या पोराचे पैसे असे आले असते तर वाचले असते.

“आधी थोडे पाठवून बघा” हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो स्वतःच्या वॉलेटसाठी उत्तम आहे. बिलासाठी घातक आहे. बिलाच्या पत्त्यावर एक यूएसडीटी चाचणी म्हणून पाठवला की कंपनीच्या लेखी तुम्ही बिल भरायला सुरुवात केली आणि अर्धवट सोडले. चाचणी करायची ती वॉलेटच्या पायरीवर करा.

त्या वॉलेटमध्ये पुढच्या एक-दोन बिलांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि सुरुवातीला दिलेले बारा किंवा चोवीस शब्द (ज्यांनी वॉलेट पुन्हा उघडता येते) कागदावर लिहा, फोनच्या गॅलरीत नाही.

महिन्याचे भरायचे की वर्षाचे, हेही विचारतात. साइट जुनी आणि भरवशाची असेल तर वर्षाचे. फी एकदाच, कटकट एकदाच. काल-परवा उगवलेली साइट असेल तर तीन महिन्यांच्या वर नको, कारण ती गायब झाली तर पैसे परत मागायला जागा नाही. तारीख फोनच्या कॅलेंडरात टाका. साइटचा आठवणीचा मेल हमखास स्पॅममध्ये सापडतो.

पत्ता चिकटवताना

कॉपी केलेला पत्ता चिकटवताना बदलून टाकणारी मालवेअर असते, त्यामुळे चिकटवल्यावर बिलाशी ताडून पाहायचे. पण फक्त पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे बघायची सवयही पुरत नाही. भामटे मुद्दाम तशीच सुरुवात आणि तसाच शेवट असलेला पत्ता तयार करून तुमच्याकडे अगदी चिल्लर रक्कम पाठवतात, म्हणजे तो तुमच्या इतिहासात येऊन बसतो आणि पुढच्या वेळी तुम्ही तोच उचलता. पत्ता इतिहासातून घ्यायचाच नाही. बिलावरचा क्यूआर वॉलेटने स्कॅन करा. आणि स्कॅन केल्यावर रक्कम आपोआप आली का ते बघा, काही अॅप पत्ता तेवढा घेतात आणि रक्कम गाळतात.

सपोर्टला काय लिहायचे

लांब गाऱ्हाणे नको. बिलाचा क्रमांक, साइटवर नोंदवलेला ईमेल, कॉइन आणि नेटवर्क, पाठवलेली नेमकी रक्कम, पूर्ण हॅश, आणि वेळ. वेळ यूटीसीत द्या, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. रात्री दोनला पाठवलेले पैसे त्यांच्याकडे आदल्या तारखेला दिसतात आणि “त्या दिवशी असे काही आले नाही” असे कोरडे उत्तर येते. शेवटी एकच ओळ: बिलाला लावा, नाहीतर या पत्त्यावर परत करा. परतीचा पत्ता स्वतःच्या वॉलेटचा द्या, एक्स्चेंजचा नको. एक्स्चेंजला अनोळखी ठिकाणाहून आलेली किंवा किमानपेक्षा छोटी रक्कम अडवायला निमित्त लागत नाही. परतावा कॉइनच्या आकड्यात मिळणार की तेव्हाच्या डॉलर भावाने, हेही विचारून घ्या.

हा मेल साइटच्या किंवा बिलाच्या पानावरच्याच पत्त्यावर. टेलिग्रामवर “सपोर्ट” म्हणून स्वतःहून येणारा माणूस सपोर्ट नसतो. ते बारा शब्द मागणारा तर शंभर टक्के चोर, आणि “अडकलेले पैसे सोडवून देतो, आधी थोडी फी द्या” म्हणणारा त्याचाच भाऊ. असे काही घडलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. आणि एक, कॉइन घेताना स्वस्त मिळतो म्हणून टेलिग्रामवर कुणा अनोळखी माणसाशी यूपीआयने सौदा करू नका. त्याच्या खात्यात फसवणुकीचे पैसे फिरले असतील तर सायबर पोलिसांच्या पत्राने तुमचेही खाते गोठू शकते, आणि मग प्रश्न मेंबरशिपचा राहत नाही, दुधवाल्याचे पैसे कसे द्यायचे असा होतो.

आयकर

“मी विकले कुठे, नुसते खर्च केले” हे आयकराला चालत नाही. क्रिप्टोने बिल भरणे म्हणजे तो कॉइन हस्तांतरित करणे, आणि १ एप्रिल २०२२ पासून त्यातल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के सेस. पाच हजाराला घेतलेला बिटकॉइनचा तुकडा आठ हजारांचा झाल्यावर त्याने मेंबरशिप भरली, तर नफा तीन हजार, कर ९०० आणि सेस ३६. नेटवर्कची फी यातून वजा होत नाही, फक्त खरेदीची किंमत होते. म्हणून बिल भरायला यूएसडीटीसारखे स्थिर कॉइन बरे, नफाच नगण्य. तेही थेट रुपयांत घ्या. आधी बिटकॉइन घेऊन मग त्याचे यूएसडीटी केले तर ती अदलाबदलही हस्तांतरणच, आणि १ जुलै २०२२ पासूनचा १ टक्का टीडीएस तिथे लागतो.

खरेदीची तारीख आणि किंमत, भरल्याची तारीख, त्या दिवशीचा रुपयातला भाव आणि हॅश, एवढे एका शीटमध्ये लिहीत जा. विवरणपत्रात यासाठी “शेड्यूल व्हीडीए” (व्हीडीए म्हणजे आभासी डिजिटल मालमत्ता) नावाचा वेगळा तक्ता आहे आणि त्यात प्रत्येक व्यवहाराची वेगळी ओळ भरावी लागते. जुलैत सीएकडे जाऊन वर्षभराचे हॅश शोधत बसलात तर त्याची फी मेंबरशिपपेक्षा जास्त होईल. तोटा झाला असेल तरी ओळ भरायचीच. तो तोटा दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातूनही वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही.